गाडी मधेच बंद पडते, म्हणून लगेच पंप बदलायचा का?



या वेळचा लेख बचतीवर नाही, कर्जावरही नाही. आपल्या टेम्पोवर आहे. हसू नका. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत प्रभाग संघाच्या एकाही बैठकीत हा विषय चुकला नव्हता, आणि तेव्हा कोणी हसत नव्हतं.

ज्या गावांना सगळी हकीकत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. संघाने सेकंड हँड घेतलेला पेट्रोलवरचा छोटा टेम्पो पहाटे साडेतीनला श्रीवर्धनच्या जेटीवर लागतो. म्हावरं भरायचं, वर बर्फ टाकायचा आणि म्हसळ्यावरून माणगावच्या बाजारात उजाडायच्या आत पोचायचं. नारळी पौर्णिमेनंतर मासेमारी पुन्हा जोरात सुरू झाली आणि गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. म्हसळा सोडलं की पुढच्या चढावर इंजिन एकदम आचके द्यायचं आणि बंद. सेल मारला की इंजिन फिरायचं, पण पकडायचं नाही. वीस मिनिटं, कधी अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू. तोपर्यंत बर्फ वितळलेला, बाजाराची वेळ गेलेली आणि बांगड्याचा भाव पडलेला.

गॅरेजमध्ये नेली की गाडी गुपचूप. तासभर चालू ठेवली तरी बंद पडत नाही. पहिल्या मेकॅनिकने सांगितलं, पेट्रोलचा पंप गेला. नवीन पंप आणि मजुरी धरून ७,८०० रुपये झाले. म्हणजे महिन्याला १०० रुपये बचत करणाऱ्या ७८ जणींची एका महिन्याची बचत. गाडी ११ दिवस छान चालली आणि बाराव्या दिवशी पुन्हा त्याच चढावर उभी. मग ४५० रुपयांचा रिले बदलला, तरी तेच. मग दुसऱ्या गॅरेजवाल्याने सांगितलं, आधीचा पंप डुप्लिकेट होता, कंपनीचा टाका, ९,००० लागतील.

याच्या मध्ये एक गोष्ट झाली ती लिहिलीच पाहिजे. बैठकीत आधी कुजबुज आणि मग उघड बोलणं सुरू झालं की गाडीत काही नाही, चालवणारीच चुकते, चढावर गिअर बरोबर पडत नाही. बाहेरचे पुरुष तर बोलतच होते, पण आपल्यातल्याही काही जणी बोलल्या. आपल्या चालक ताईने त्या दिवशी चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "दुसरा कोन बघा, माजं नको." तिच्या परवान्याचे पैसे संघाने भरले होते, तिने ते वेळेत फेडलेही होते. मी त्या बैठकीला हजर होते आणि मलाही काही उत्तर देता आलं नाही, कारण मला गाडीतलं काही कळत नव्हतं. एमएसडब्ल्यूला आम्हाला 'समस्येचं विश्लेषण' शिकवलं, पण फ्यूज कुठे असतो ते नाही शिकवलं.

म्हणून शिकले. माणगावच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांच्या मागे लागून, त्यांच्या टपरीवर बसून शिकले. जे कळलं ते तुम्हाला सांगते. तुम्ही स्वतः गाडी उघडावी म्हणून नाही. तुम्ही गॅरेजमध्ये उभ्या राहाल तेव्हा काय विचारायचं ते कळावं म्हणून.

आधी हा पंप कुठे असतो ते बघू. ज्या पेट्रोल गाडीला इंजेक्शन असतं, म्हणजे कार्बोरेटर नसतो, तिच्यात पेट्रोलचा पंप बहुतेक वेळा टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडवलेला असतो. तो विजेवर चालतो. आपण चावी पुढे फिरवली, सेल न मारता, की दोन-तीन सेकंद मागून बारीक 'ऊंऽऽ' असा आवाज येतो आणि थांबतो. तो पंपाचा आवाज. इंजिनाला पेट्रोल आधी तयार मिळावं म्हणून तो तेवढा चालतो. मग सेल मारून इंजिन फिरायला लागलं की पंप परत सुरू होतो आणि इंजिन चालू असेपर्यंत चालूच राहतो. इंजिन थांबलं की गाडीचा कॉम्प्युटर पंपही बंद करतो. हे मुद्दाम केलेलं आहे. अपघात झाला आणि इंजिन बंद पडलं तर पंपाने पेट्रोल ओतत राहू नये म्हणून.

हा आवाज सगळ्यांनी एकदा तरी ऐकून ठेवा. गाडी चांगली असते तेव्हाच ऐकून ठेवा, म्हणजे बिघडल्यावर फरक कळतो. एकीने चावी फिरवायची, दुसरीने टाकीजवळ कान द्यायचा. फुकटची तपासणी आहे.

आता वीज पंपापर्यंत जाते कशी? बॅटरीतून निघते, फ्यूजमधून जाते, मग रिलेमधून. रिले म्हणजे छोटा काळा डबा. कॉम्प्युटर त्याला थोडी वीज देऊन 'टक्' करून उचलतो आणि मग त्याच्यातून पंपाची मोठी वीज जाते. तिथून लांब वायर चेसिसच्या कडेकडेने मागे टाकीपर्यंत. टाकीजवळ कपलर असतो, म्हणजे वायरी जोडायचा प्लॅस्टिकचा सॉकेट. त्यातून वीज पंपात जाते.

इथपर्यंत सगळे मेकॅनिक सांगतात. पण वीज नुसती जाऊन भागत नाही, परतही यावी लागते. पंपातून दुसरी वायर निघते, ती चेसिसच्या लोखंडाला एका बोल्टने कसलेली असते आणि त्या लोखंडातून वीज बॅटरीच्या निगेटिव्हला परत येते. याला अर्थिंग म्हणतात. आपल्याला हे समजायला अवघड नाही. गटाने कर्ज दिलं, ते दिलं तितकं परत आलं तरच व्यवहार फिरतो. परतफेडीच्या वाटेवर कोणी अडवलं तर देणाऱ्याकडे कितीही पैसे असोत, उपयोग काय? पंपाचंही तसंच. बॅटरी नवी, फ्यूज चांगला, रिले चांगला, पंप चांगला, आणि मागच्या एका गंजलेल्या बोल्टमुळे पंप अर्धमेला.

सतत बंद असलेली गाडी दुरुस्त करणं सोपं असतं, असं काका म्हणतात. मीटर लावला की दोष समोरच असतो. जी कधी चालते, कधी नाही, तिचा दोष फक्त बंद पडलेल्या क्षणीच असतो. सुरू झाली की दोषही गेला. मग मेकॅनिक अंदाज बांधतो आणि अंदाजाचे पैसे आपण देतो. मी मेकॅनिकला चोर म्हणत नाहीये. त्याच्यासमोर गाडी बंद पडतच नाही, तर त्याने तरी काय बघायचं? त्याला लागणारी माहिती आपल्याकडे असते आणि ती आपण देत नाही. 'मधेच बंद पडते' एवढंच सांगतो.

म्हणून पहिलं काम वहीचं. यात तर आपला हात कोण धरणार! काकांनी सांगितल्याप्रमाणे चालक ताईने गाडीत एक शंभर पानी वही ठेवली. (हो, ती थांबली. अध्यक्ष ताईंनी चावी परत तिच्या हातात दिली आणि महिन्याची मुदत मागून घेतली.) गाडी बंद पडली की लिहायचं: तारीख, वेळ, ठिकाण, गाडीत माल किती, टाकीत पेट्रोल किती, इंजिन गरम होतं का, दिवे चालू होते का, ब्रेकवर पाय होता का, चावी फिरवल्यावर पंपाचा आवाज आला का, आणि किती वेळाने सुरू झाली. ज्या दिवशी बंद पडली नाही त्या दिवशीही एक ओळ लिहायची. आम्ही पहिल्या आठवड्यात ते विसरलो आणि काका रागावले, "चांगला दिवस लिवला नाय तर वाईट दिवस कशाशी ताडून बघशील?"

वहीत काय दिसलं तर चांगली वाचता येते, ते आता सांगते. हा भाग जरा सावकाश वाचा.

बंद पडल्यावर समोरच्या मीटरवरचे सगळेच दिवे गेले, हॉर्नही वाजत नाही, तर दोष पंपाच्या वायरीत शोधू नका. तो बॅटरीच्या टोकाला, मोठ्या फ्यूजला किंवा चावीच्या स्विचमध्ये आहे. चावीला दहा किल्ल्या आणि पितळेचा गणपती लटकवला असेल तर त्या वजनाने स्विच आतून झिजतो. आधी तो जुडगा काढा.

दिवे, हॉर्न ठीक, पण चावी फिरवल्यावर मागचा 'ऊंऽऽ' नाही, तर वीज पंपापर्यंत जात नाही, परत येत नाही, किंवा पंपच गेला आहे. अशा वेळी टाकीच्या बुडाला लाकडाने किंवा चपलेच्या टाचेने दोन-तीन हलके फटके मारा आणि कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. पंप एकदम सुरू झाला तर बहुधा पंपाच्या आतले कार्बन झिजले आहेत. मग खरंच पंप बदलायचा. मात्र फटका कपलरला किंवा वायरीला लागला असेल तर हा पुरावा धरू नका, कारण मग हललं काय हे कळत नाही.

'ऊंऽऽ' नीट ऐकू येतो, पण इंजिन पकडत नाही, असं असेल तर पंपाला निर्दोष सोडायची घाई करू नका, पण दुसरीकडेही बघा. इंजिनाची फिरकी मोजणारा एक सेन्सर असतो. तो गरम झाल्यावर दगा देतो आणि थंड झाल्यावर शहाणा होतो. त्याने 'इंजिन फिरतंय' असा निरोप दिला नाही की कॉम्प्युटर पंपाला वीजच देत नाही. बाहेरून लक्षण अगदी पंप गेल्यासारखं दिसतं. यात कितीतरी चांगले पंप भंगारात जातात.

पेट्रोल रिझर्व्हला असतानाच बंद पडते, तर टाकीत गाळ आहे का ते बघायला लावा. आणि एक सवय सोडा. रोज शंभर रुपयांचं पेट्रोल टाकून गाडी चालवायची सवय. टाकीतला पंप आजूबाजूच्या पेट्रोलनेच गार राहतो. टाकी कायम तळाला असली की तो तापतो आणि लवकर मरतो. पाव टाकी तरी असू द्या. मला माहीत आहे, पैसे सुटे सुटे येतात. तरी सांगते.

आता आमच्या वहीत काय निघालं? पाच आठवड्यांत गाडी नऊ वेळा बंद पडली. नऊच्या नऊ वेळा पहाटे. परत येताना, रिकामी असताना, उन्हात, इंजिन चांगलं तापलेलं असताना एकदाही नाही. दुपारी सुकट आणि किराणा घेऊन गेली तेव्हाही नाही, आणि त्यातल्या दोन खेपा चांगल्या वजनदार होत्या. म्हणजे 'गरम होऊन बंद पडते' हे पहिल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं गेलं. 'वजन झेपत नाही' हेही गेलं. चालवणारी तर दोन्ही वेळेला तीच होती, त्यामुळे तेही गेलं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गाडी फक्त दिवसा चालली होती आणि तेव्हा काहीच त्रास नव्हता, हे मग आठवलं.

पहाटे काय वेगळं असतं? अंधार. अंधारात काय करतो? दिवे लावतो.

चालक ताईनेच मग आणखी एक सांगितलं, जे तिला कोणी विचारलंच नव्हतं. गाडी बंद पडली की बॅटरी उतरू नये म्हणून ती सगळे दिवे बंद करून बसायची. म्हणजे वीस मिनिटांनी गाडी सुरू व्हायची ती थंड झाल्यामुळे की दिवे बंद केल्यामुळे? आणि पहाटे ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा थरथरतो, हेही तिने पाहिलं होतं. "पन काट्याचं कोन काय इचारतंय," म्हणाली.

काकांनी हे ऐकलं आणि सरळ गाडीखाली शिरले. त्यांचं म्हणणं असं: पंप आणि पेट्रोलचा काटा हलवणारा भाग एकाच कपलरवर असतात, आणि या गाडीत त्यांची अर्थिंगची वायर आणि मागच्या लाल दिव्यांची अर्थिंगची वायर एकाच बोल्टवर आहेत. हेडलाइट लावला की मागचे दिवेही लागतात. ब्रेक दाबला की ब्रेकचे दोन मोठे बल्ब त्यात भर घालतात. एवढी सगळी वीज एकाच बोल्टमधून परत यायला बघते. बोल्ट चांगला असेल तर काहीच वाटत नाही. गंजलेला असेल तर गर्दी होते आणि सगळ्यात जास्त भूक असलेल्या पंपाचं पोट भरत नाही.

हे नुसतं बोलून सोडलं नाही, मोजलं. मोजण्याची पद्धत मी नीट लिहिते, कारण इथेच बहुतेक गॅरेजमध्ये चूक होते.

पहिल्या मेकॅनिकनेही मीटर लावला होता. त्याने टाकीचा कपलर काढला, मीटरच्या दोन पिना आत घातल्या, चावी फिरवायला सांगितली. मीटरवर १२ व्होल्ट दिसले. "वीज बरोबर येते, म्हणजे पंपच गेला." ऐकायला बरोबर वाटतं ना? पण गावच्या नळाचं बघा. पाइपात गाळ भरलेला असला तरी तोटी बंद असताना आत दाब पूर्ण असतो. तोटी सोडली की कळतं, धार करंगळीएवढी आहे. तसं कपलर काढून मोजलं की वीज वाहतच नसते, त्यामुळे एका तारेवर टिकलेली, गंजलेली जोडणीही १२ व्होल्ट दाखवते. पंप जोडलेला आणि चालू असताना मोजलं तरच खरं कळतं. मीटर नसेल तर २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब दोन वायरी जोडून पंपाच्या जागी लावतात. तो साधारण पावणेदोन अँपिअर वीज खातो. भगभगीत पेटला तर ठीक, लालसर मिणमिणला तर वाट अडलेली आहे. पण पंप त्याहून जास्त वीज घेतो, साधारण ४ ते ८ अँपिअर, त्यामुळे बल्ब पेटला म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. नुसता छोटा टेस्टर लावून 'लाइट येते' म्हणणारा असेल तर त्याला हे विचारा.

काकांनी काय केलं? संध्याकाळ होऊ दिली. गाडी मोकळ्यावर उभी करून इंजिन चालू केलं. बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते, म्हणजे चार्जिंग बरोबर. मग मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून कपलर न काढता, मागच्या बाजूने वायरीच्या कडेने बारीक पिन आत सरकवली.

एक माप जाणाऱ्या वाटेचं: मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं पंपाच्या पॉझिटिव्ह वायरीला. इथे आकडा जितका लहान तितकं चांगलं, कारण तो वाटेत गळलेल्या व्होल्टचा आकडा आहे. अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. आला ०.४. ठीक.

दुसरं माप परतीच्या वाटेचं: एक टोक पंपाच्या अर्थिंग वायरीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. हा ०.२ च्या आत असायला हवा. आला १.१. मला म्हणाले, आता दिवे लाव. १.६ झाला. ब्रेक दाब. २.८! मग त्यांनी बोल्टजवळची वायर बोटाने हलवली आणि आकडा एकदम ६ च्या वर गेला, इंजिनाने आचका दिला आणि बंद पडलं.

आमच्या डोळ्यांसमोर. गॅरेजमध्ये पहिल्यांदाच. चालक ताई टाळी वाजवून हसली. मी पण.

म्हणजे १३.८ मधून पंपाला ब्रेक दाबल्यावर साडेदहाच व्होल्ट मिळत होते. पंप हळू फिरतो, पेट्रोलचा दाब पडतो, भरलेली गाडी चढावर आचके देते, आणि एखादा खड्डा बसला की जोडणी पूर्णच सुटते.

बोल्ट काढला तेव्हा त्याखालची वायरीची गोल थिंबल पांढऱ्या-हिरव्या पुडीने भरलेली होती. कारण वर बघितल्यावरच कळलं. बर्फाचे डबे जिथे ठेवतो तिथल्या पत्र्याला फट होती आणि माशांचं खारं पाणी रोज त्या फटीतून नेमकं त्या बोल्टवर ठिबकत होतं. म्हणजे हा रोग आपल्या धंद्यानेच लावला होता.

आणि ते ११ दिवसांचं कोडं? पंप बदलताना मेकॅनिकने टाकी खाली घेतली, तेव्हा तो बोल्ट काढून परत कसला. घासला गेल्यामुळे तेवढी जागा साफ झाली आणि ११ दिवस चालली. सगळ्यांना वाटलं नवीन पंपाचा गुण. तुमच्याकडे कुठलाही पार्ट बदलल्यावर गाडी काही दिवस बरी होऊन पुन्हा बिघडली तर हे आठवा. पार्टने नाही, हलवाहलवीने बरी झालेली असू शकते. जुना पंप परत मागितला होता का? नाही. तो कदाचित धडधाकट असेल. आता कोषाध्यक्ष ताईंनी नियमच केला आहे की बदललेला जुना पार्ट बिलासोबत संघात जमा झाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

दुरुस्तीला ६५० रुपये लागले. बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासली, नवी थिंबल दाबून बसवली, पंपाची अर्थिंग दिव्यांपासून वेगळी करून दुसऱ्या कोरड्या जागी घेतली, वरून ग्रीस लावलं. कपलरची एक पिन हिरवी पडली होती ती बदलली. पुन्हा मोजलं, दिवे लावून, ब्रेक दाबून: ०.१. पत्र्याची फट बुजवली आणि डब्यांखाली उतार देऊन पाण्याला मागून पाइप काढला. तो पाइप खरं तर सगळ्यात महत्त्वाचा, नाहीतर वर्षभरात पुन्हा तेच. गाडी आठवड्यातून एकदा खालून गोड्या पाण्याने धुवायची, हेही ठरलं.

दिवाळीनंतर गाडी फक्त एकदा बंद पडली. पेट्रोल संपलं म्हणून. काटा आता खरं बोलतो, पण आपली सवय जायला वेळ लागेल.

ज्या गटांकडे जुनी डिझेल पिकअप आहे त्यांनी विचारलं होतं की हे आम्हाला लागू आहे का. जुन्या डिझेल गाड्यांत मोठा पंप इंजिनावरच बसवलेला असतो आणि इंजिनाच्या जोरावर फिरतो. टाकीत विजेचा पंप नसतो. पण बऱ्याच गाड्यांत त्या पंपावर डिझेल चालू-बंद करणारा विजेचा सोलेनॉइड असतो. त्याची वीज तुटली की इंजिन तसंच मधेच बंद पडतं. तिथेही मोजायचं असंच, जाणारी वाट आणि परतीची वाट, काम चालू असताना.

काही गोष्टी मात्र कोणीही करायच्या नाहीत, मेकॅनिकने सांगितलं तरी. फ्यूज उडतो म्हणून त्यात तार घालायची नाही, आणि १५ च्या जागी ३० चा टाकायचा नाही. वायर पेटते आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीला जाते. रिले काढून थेट वायर जोडून 'तात्पुरतं' चालवायचं नाही, कारण मग इंजिन बंद पडलं तरी पंप थांबत नाही. पेट्रोलचा पाइप काढून 'धार बघू' म्हणायचं नाही. इंजिन बंद असलं तरी त्यात दाब असतो आणि पेट्रोल अंगावर उडतं. टाकीजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर बल्ब, टेस्टर काहीही लावायचं नाही, एक ठिणगी पुरे. काढलेला पंप बॅटरीला लावून 'फिरतो का बघू' हा खेळ तर अजिबात नको. आणि रात्री रस्त्यात बंद पडली तर आधी गाडी कडेला, मागे दगड आणि काहीतरी चमकणारं, मग बाकीचं.

रस्त्यात करण्यासारखं एवढंच: चावी फिरवून आवाज ऐका, दिवे बंद करून परत ऐका, फ्यूज बघा. पंपाच्या रिलेसारखाच नंबर असलेला हॉर्नचा रिले असेल तर दोघांची अदलाबदल करून बघा. आणि जे झालं ते वहीत लिहा, माल खराब होत असला तरी लिहा. आपल्याला ज्या नऊ ओळींनी ९,००० चा दुसरा पंप वाचवला, त्या सगळ्या अशाच वेळी, मोबाइलच्या उजेडात, वितळत्या बर्फाशेजारी लिहिलेल्या आहेत. अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं.

पुढच्या महिन्याच्या प्रभाग संघाच्या बैठकीनंतर गाडी आवारातच उभी असेल. काका येणार आहेत आणि मीटर धरायला चालक ताईच शिकवणार आहे. ज्या ग्रामसंघांकडे गाडी आहे त्यांनी चालवणारीला आणि हिशोब लिहिणारीला, दोघींनाही पाठवा. येताना ब्रेकचा एखादा जुना बल्ब आणि हातभर दोन वायरी घेऊन या. टेस्टिंगचा दिवा तिथेच करून नेता येईल.